आई पुन्हा गाडीत बसावी म्हणून केलेलं रीमॅप

वर्षभर माझी आई माझ्या गाडीत बसली नव्हती. भांडण नाही, अबोला नाही. मी "सोडते ना" म्हटलं की ती "नको गो बाय, यष्टी हाय ना" म्हणायची, पिशवी उचलायची आणि फाट्यावर जाऊन उभी राहायची. मी गाडीतून हॉर्न वाजवत तिच्यासमोरून गेले तरी ती हात हलवायची, पण बसायची नाही.

कारण मला माहीत होतं. गेल्या वर्षी वडखळच्या पुढे मी एका टँकरला ओव्हरटेक करायला गाडी बाहेर काढली. गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू. ॲक्सिलरेटर दाबला आणि आमच्या तीन सिलिंडरच्या छोट्या एसयूव्हीने नेमकं तिथेच विचार करायला वेळ घेतला. ज्यांच्याकडे अशी टर्बो पेट्रोल गाडी आहे त्यांना हे ठाऊक असेल. पाय दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही, मग एकदम होतं. त्या क्षणभरात समोरून लक्झरी बस आली. टँकरवाल्याने ब्रेक मारून आत जागा दिली म्हणून वाचलो. आई मागच्या सीटवर होती. त्या दिवशी ती काही बोलली नाही आणि त्यानंतर बसलीही नाही.

हे मला फार लागलं, कारण आई गाड्यांना घाबरणारी बाई नाही. आमचं घर उरणजवळचं, माझं सासरही त्याच गावात. आजोबा मिठागरात राबले, बाबांनी बंदराच्या कामात ट्रेलर घातला, आता दादाचे तीन ट्रेलर आहेत. लग्न झाल्यावर आई बाबांबरोबर ट्रकच्या केबिनमधून कुठे कुठे फिरून आलेली आहे. अशा बाईने पोटच्या पोरीच्या गाडीपेक्षा एसटी बरी म्हणावं, याचा अर्थ काय घ्यायचा? मी अर्थ घेतला की गाडीत दम नाही.

माझा नवरा महेश याच मताचा होता. महेश गाडी चालवत नाही, त्याच्याकडे लायसन्ससुद्धा नाही. पण रोज जेवण झालं की यूट्यूबवर टर्बो, टॉर्क म्हणजे इंजिनाची ओढ, आणि ट्यूनिंग यांचे व्हिडिओ बघतो. चहापेक्षा किटली गरम. त्यानेच मला समजावलं की कंपनी इंजिनाची पूर्ण ताकद काढतच नाही, राखून ठेवते. गाडीच्या कॉम्प्युटरमधला मॅप, म्हणजे किती पेट्रोल, किती हवा, ठिणगी कधी हे सगळं ठरवणारा हिशोब, तो बदलला की तीच गाडी दीडपट जोमाने धावते. नवी मुंबईतला एक ट्यूनर त्याने शोधलाही होता.

त्या मुलाने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लॅपटॉप जोडला आणि तासाभरात काम संपवलं. खर्च तीस हजारांच्या आत. दहा दिवस ट्रायल, पसंत पडलं नाही तर कंपनीचा मूळ मॅप परत टाकून देणार आणि त्याची मजुरी कापून बाकीचे पैसेही. अटी दोन. एक, पेट्रोल जास्त ऑक्टेनचं, पंपावर जे प्रीमियम म्हणून महाग मिळतं तेच घालायचं. दोन, सर्व्हिस सेंटरला कळलं तर वॉरंटीचं तुमचं तुम्ही बघायचं. मी दोन्हीला मान डोलावली. परत येताना फ्लायओव्हरवर पाय दाबला तर गाडी अशी उसळली की मी एकटीच मोठ्याने हसले.

आणि त्याच आठवड्यात बोर्ली पंचतनहून मावशीचा फोन आला. मावशीचा मुलगा दिघीच्या बंदरात नोकरीला आहे, त्याने बोर्लीत घर बांधलं, त्याची घरभरणी. थोरली बहीण म्हणून आईला आहेर घेऊन जायचं होतं. तांब्याचा हंडा, तांदळाचं अर्धं पोतं, सुक्या सोड्यांचा डबा. एवढं घेऊन एसटीत चढणं तिलाही अवघड होतं. मी म्हटलं, "आई, गाडीचं काम करून घेतलंय. आता ती अडकणार नाही."

आई विचार करून म्हणाली, "एकदा बगते. नाय तर येताना यष्टी."

तर मंडळी, ही सहल म्हणजे माझी परीक्षा होती. तुमच्यापैकी कुणी गाडी ट्यून करायच्या विचारात असेल, तर मायलेज आणि टॉर्कचे आकडे देणारे पुष्कळ भेटतील. मी आईला घेऊन गेले होते.

पहिला दिवस: उरण ते बोर्ली, पाली मार्गे

निघायच्या आदल्या दिवशी दादा माझी गाडी घेऊन गेला आणि टाकी काठोकाठ भरून आणली. आमच्या ट्रेलरवाल्यांच्या घरांत भाऊबीजेची ही एक रीत पडली आहे. साडीचा रंग चुकण्यापेक्षा बहिणीच्या गाडीची टाकी फुल करून द्यायची. दिवाळी नुकतीच झाली होती आणि माझी ओवाळणी बाकी होती. मला भरून आलं, मी त्याला निरांजन ओवाळलं आणि किल्ली घेतली.

सकाळी मी, आई आणि महेश निघताना आईने पहिली आडकाठी घातली. "इंजिनाला हात लावलाय ना कुनी? मंग पालीला नारल फोरल्याबिगर मी फुरं येयाची नाय." (आईच्या आगरी बोलीत 'ड'चा 'र' होतो, गाडीची गारी, पुढेचं फुरं. आणि 'ळ'चा 'ल'. पुढे तुम्हाला सवय होईल.) आमच्याकडे ट्रकचं इंजिन उघडलं की माणसं बसवण्याआधी बल्लाळेश्वराला नारळ होतो. मी सांगितलं, आई, इंजिन उघडलंच नाही, नुसतं सॉफ्टवेअर आहे. ती म्हणाली, जे काय असेल ते त्याला सांग. 'त्याला' म्हणजे गणपतीला.

मग खोपट्याचा पूल, चिरनेर, पेण, वडखळ, नागोठणे आणि वाकणला डावीकडे वळून पाली. रस्ता पेणपर्यंत अवजड गाड्यांनी भरलेला, पुढे बराच बरा. वडखळला मी मुद्दाम कुणालाच ओव्हरटेक केलं नाही.

पालीला सकाळी लवकर पोचलात तर दर्शन पटकन होतं. नंतर बसगाड्या येतात आणि रांग वाढते. देवळाबाहेर गाडीची पूजा करायला गुरुजी आले. त्यांनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढत विचारलं, "नवीन गाडी का, मावशी?"

"गारी जुनीच हाय," आई म्हणाली, "डोका नवा बसवलाय."

गुरुजींनी महेशकडे पाहिलं. महेश खूश होऊन त्यांना रीमॅप समजावायला लागला. गुरुजींनी दोन मिनिटं ऐकलं आणि नारळ फोडला. नंतर मिसळ आणि चहा घेतला. तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा, दही वेगळं मागून घ्या.

वाकणला परत महामार्गाला लागलो आणि मग मी गाडी सोडली. खोटं कशाला बोलू, मजा आली. कोलाडच्या अलीकडे एकामागोमाग दोन टेम्पो, मग एक कंटेनर. आधी जिथे मी गिअर खाली घेऊन, श्वास रोखून, देवाचं नाव घेऊन बाहेर पडायचे, तिथे आता नुसता पाय टेकवला की आम्ही पुढे. मी मुळात उतावळी. सासर-माहेर या दोन्ही पक्षांचं ज्या एका गोष्टीवर एकमत आहे ती ही. आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला, अशी माझी गत झाली. इंदापूरपर्यंत मी कुणाच्या मागे राहिले नाही.

महेश मागून "बघ! बघ! टॉर्क बघ!" म्हणत होता. आई माझ्या शेजारी होती. तिने वरचं हँडल घट्ट धरलं होतं आणि दर ओव्हरटेकला तिचा उजवा पाय समोरच्या मॅटवर दाबला जात होता. ट्रकवाल्याची बायको, तिथेच तिचा ब्रेक. पण तोंडाने अवाक्षर नाही. मला वाटलं, जमलं. तक्रार नाही म्हणजे पसंत.

माणगावला मात्र सगळ्यांचा टॉर्क एकच होतो. दिवाळीची गर्दी, बाजारातून जाणारा रस्ता, समोर अर्धा किलोमीटर नुसते लाल दिवे. तुम्ही सुट्टीच्या दिवसात जाणार असाल तर माणगावसाठी वेगळा तास धरा. आम्ही गाडीतच वडापाव खाल्ले आणि संध्याकाळच्या आत बोर्लीला पोचायचं म्हणून म्हसळ्याच्या रस्त्याला लागलो. त्या रांगेत वेळ गेल्याने माझं डोकं तापलेलं होतं.

म्हसळ्याच्या अलीकडे घोणसे घाट लागतो. मोठा नाही, पण वळणं आंधळी आणि एका बाजूला दरी. चढावर आमच्यापुढे जांभ्याच्या चिऱ्यांनी भरलेला ट्रक होता, माणूस चालेल त्या वेगाने जाणारा, मागे काळा धूर सोडणारा. मी दोन वळणं थांबले. तिसऱ्या वळणानंतर सरळ तुकडा दिसला, पुढचं वळण लांब होतं, समोर कुणी नव्हतं. या गाडीला एवढी जागा खूप झाली. मी बाहेर पडले आणि पाय पूर्ण दाबला.

गाडी उसळली आणि ट्रकच्या मधोमध आल्यावर तिच्या पोटातून खडे हलवल्यासारखा आवाज आला. टर्रर्र. मग एक धक्का, दुसरा धक्का, समोर पिवळा दिवा लुकलुकायला लागला आणि ताकद गेली. कमी झाली नाही, गेली. मी पाय दाबतेय आणि गाडी चढावर मंदावतेय. डावीकडे ट्रकची चाकं, उजवीकडे कठडा, आणि समोरच्या वळणातून एसटी.

"अगं मागे घे! मागे घे!" महेश ओरडला. मागे घ्यायचं म्हणजे काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं, मलाही त्या क्षणी सुचेना. माझ्या कानात फक्त एसटीचा हॉर्न होता. मी ब्रेक मारला. ट्रक आपला हळूहळू पुढे सरकत राहिला. तो जेवढा हळू तेवढाच वेळ त्याला आमच्यापुढून जायला लागला. ट्रकची लांबी संपता संपेना. शेवटी त्याचं मागचं फळकूट दिसलं आणि मी गाडी डावीकडे आत ओढली. एसटी करकचून थांबली ती आमच्या दाराला जवळजवळ चिकटूनच.

एसटीच्या ड्रायव्हरने खिडकीतून खाली पाहिलं. मला वाटलं शिव्या येतील. तो म्हणाला, "ओ ताई, घाट हाय हा. मागं पन्नास मानसं बसवलीत मी." आणि गिअर टाकून निघून गेला.

मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. मान वळवून ती मागे जाणाऱ्या त्या लाल एसटीकडे बघत होती. मला रडू आलं, आणि रडत रडतच मी गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर घाट उतरवून म्हसळ्यात आणली.

म्हसळ्यात गॅरेज सापडलं ते एका पन्नाशीच्या गृहस्थांचं. सगळे त्यांना चाचा म्हणत होते, म्हणून आम्हीही चाचाच म्हटलं. चाचांनी स्कॅनर लावला, कोड बघितला, पुसला. "ताई, अल्लाचा फजल, इंजिन सलामत हाय. मिसफायर आलेला, ठिनगी चुकलेली. पन परत जोरात मारलीत तर परत येनार. असा का झाला ते मला नाय सांगता येनार, ज्यानं मॅप बदलला त्याला इचारा." आणि मग महेशला बाजूला घेऊन हळूच, "किती पावर वाढली हो? माझा भाचा कुवेतवरनं येनार हाय, त्याला पन करायचाय." महेशने प्रथमच टॉर्कबद्दल काही बोलायचं टाळलं.

मी ट्यूनरला फोन लावला. त्याने पहिलाच प्रश्न केला, "मॅडम, पेट्रोल कुठलं आहे?"

"प्रीमियम," मी म्हणाले. आणि म्हणता म्हणता माझ्या डोळ्यांसमोर दादा उभा राहिला, गाडीच्या किल्लीसकट. मी फोन होल्डवर टाकून दादाला लावला.

"दादा, माझी टाकी भरलीस ती कुठलं पेट्रोल?"

"कुठलं म्हंजे? साधा. आपल्या नेहमीच्या पंपावरचा. का गो? तुज्या गारीला काय देशी-इंग्लिश कलतो काय?"

त्याला काय बोलणार? त्याने ओवाळणी घातली होती. चूक माझी की मला विचारायचं सुचलं नाही. पण भावाने भरलेल्या टाकीची चौकशी आमच्याकडे कोण करतं? ट्यूनर म्हणाला, त्याने मॅप जास्त ऑक्टेनच्या हिशोबाने चढा बसवलाय, साध्या पेट्रोलवर सामानाने भरलेली गाडी चढावर पूर्ण दाबली की इंजिन ठोकणारच, तोच तो खड्यांचा आवाज, आणि स्वतःला वाचवायला ताकद तोडणारच. आता प्रीमियम भरा नाहीतर पाय हलका ठेवून परत या. म्हसळ्याच्या पंपावर विचारलं, नव्हतं. बोर्लीकडच्या पंपावर विचारलं, तिथला माणूस म्हणाला, "इथं कोन घेतो ताई ता?" आणि असं पाहा, टाकी अजून पाऊण भरलेली होती, प्रीमियम मिळालं असतं तरी घालायचं कुठे?

बोर्लीत मावशीच्या दारात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मावशीने भाकरतुकडा ओवाळून टाकला. आईने हंडा उतरवला, पाणी प्यायली आणि भाच्याला विचारलं, "परवा सकालची पनवेल यष्टी किती वाजता हाय रं?"

दुसरा दिवस: बोर्ली आणि दिवेआगर

घरभरणी छान झाली. दुपारी जेवणं उरकल्यावर महेशला घेऊन दिवेआगरच्या किनाऱ्यावर गेले, मावसभावाच्या स्कूटरवरून. गाडी काढायची हिंमत नव्हती. दिवेआगर तुम्हाला माहीत असेलच: सुरूची झाडं, लांबलचक सपाट वाळू, ओहोटीला समुद्र पार मागे जातो. गावात घरगुती खानावळी आहेत, पण आधी फोन करून ऑर्डर द्यावी लागते. उकडीचे मोदक सांगून ठेवलेत तर मिळतात. सुट्टीत खोल्यांचे भाव दुपटीने चढतात, मधल्या वारी गेलात तर घासाघीस होते. हे सगळं मी नीट लिहून ठेवलं, कारण डोक्यात दुसरं काही नको होतं.

परत आले तर मागच्या पडवीत आई आणि मावशी भांडी पुसत बसल्या होत्या. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला थांबले आणि ऐकलं.

मावशी म्हणत होती, "ताय, गारी एवरी घाबरवते तर पोरीला सांग ना इकून टाक."

"गारी कशाला घाबरवील?" आई म्हणाली. "आनि पोर माजी वाईट चालवीत नाय गो. बापाचाच हात हाय तिला. पन फुरं कोन दिसला का तिचा डोका फिरतो. आधी गारीला दम नव्हता तर जरा तरी थांबायची. आता त्या गारीचा पन डोका फिरवून आनलाय."

मी ग्लास तसाच ठेवला आणि बाहेर आले. खूप राग आला. आईचा नाही, त्या तीस हजारांचाही नाही. वर्षभर मी जे इंजिनात शोधत होते ते आईला ठाऊक होतं आणि ती मला सांगत नव्हती, याचा. मग वाटलं, ती रोज फाट्यावर जाऊन उभी राहायची, अजून कसं सांगायचं?

तिसरा दिवस: दिघी, आगरदांडा, मुरुड, अलिबाग, घर

सकाळी आई पिशवी घेऊन तयार. एसटी स्टँड घरापासून लांब नाही, पण मी म्हटलं, तेवढं तरी सोडते. ती बसली. स्टँडवर एसटी लागलेली होती, कंडक्टर खाली उभा होता. मी उतरून दार उघडलं. आई उतरेना.

"आता तुजी गारी जोरानं जाईल काय?"

"नाही आई."

"अजाबात नाय?"

"पन्नासच्या वर नेली, चढावर दाबली तर परत तो दिवा लागेल. कुणालाच ओव्हरटेक करता येणार नाही. सायकलच्या मागे राहावं लागलं तरी राहीन."

तिने एसटीकडे एकदा पाहिलं. "मंग दार लाव. चल."

मागून महेश म्हणाला, "आई, नक्की?" आई म्हणाली, "तू गप बस."

घाट टाळायचा म्हणून आम्ही दिघीहून फेरी धरली. दिघी ते आगरदांडा गाड्या नेणारी बोट आहे. तिकीट गाडीला वेगळं, माणसांना वेगळं, खूप नाही. सुट्टीच्या दिवशी रांग लागते, पहिली-दुसरी फेरी धरा आणि शेवटची कधी ते जेटीवर विचारून घ्या. बोटीवर चढताना उतार आहे, मी पहिला गिअर धरून ठेवला आणि गाडी हळूच चढली. बोट निघाल्यावर आई खाली उतरून कठड्याला उभी राहिली, डाव्या हाताला लांब जंजिरा दिसत होता. तिने एका बाईकडून बोरं घेतली आणि माझ्या हातावर ठेवली.

आगरदांड्यापासून पुढे आमच्यासमोर बर्फाचा टेम्पो लागला. मागून पाणी गळतंय, चाळीसचा वेग. मुरुडपर्यंत तो समोर, मुरुडच्या बाहेर तो समोर. तीनदा रस्ता मोकळा मिळाला. माझा पाय तीनदा शिवशिवला. प्रत्येक वेळी मी तो पिवळा दिवा आठवला आणि मागे राहिले. हे सोपं गेलं असं मुळीच सांगणार नाही. माझ्या मानेला रग लागली, मागचे लोक हॉर्न मारत होते, एका बाइकवाल्याने जाता जाता काहीतरी ऐकवलंही.

नांदगावच्या सुपारीच्या वाड्या गेल्या. हा रस्ता मी चार-पाच वेळा केला असेन, पण वाडीत सुपारी सोलायला बसलेल्या बायका पहिल्यांदा पाहिल्या. काशीदचा चढ आला, मी दुसऱ्या गिअरवर, कान इंजिनाला लावून. आवाज आला नाही. वर पोचल्यावर मी म्हटलं, "आई, बघ समुद्र." वळून पाहिलं तर ती झोपली होती. मान खिडकीला टेकलेली, तोंड जरा उघडं, मांडीवर बोरांची पुडी.

पुढे रेवदंड्याचा पूल, चौल, अलिबाग. अलिबागला जेवायला थांबायचं ठरलं होतं, मी थांबले नाही. महेशने मागून खुणेने विचारलं, मी खुणेनेच सांगितलं, उठेल ती. वडखळच्या सिग्नलला ती उठली आणि म्हणाली, "आला पन वरखल?"

घरी

आता ज्यासाठी तुम्ही इथवर वाचलंत ते. छोट्या एसयूव्हीचं इंजिन ट्यून करावं का?

फरक पडतो, हे खरं आहे. सपाट महामार्गावर, योग्य पेट्रोलवर, गाडी खरोखर दुसरीच वाटते. पण आमच्या किनाऱ्यावर ते पेट्रोल शोधत फिरावं लागतं. भाऊ, मेहुणा, शेजारी, कुणीही प्रेमाने टाकी भरून देतो. वॉरंटीचं आणि विम्याचं विकतचं दुखणं आहेच, विमा कंपनीला न कळवता बदल केला आणि काही झालं तर हात वर करायला त्यांना कारण मिळतं. रोज एकटे हायवेवर जाणारे असाल, पंप ठरलेला असेल, तर विचार करा. ओव्हरटेकची भीती जावी म्हणून करत असाल तर आधी शेजारच्या सीटवर कोण बसतं त्याला विचारा. मी ट्रायल संपायच्या आत जाऊन मूळ मॅप परत टाकून घेतला. ट्यूनरने कुरकुर न करता पैसे दिले, मजुरी कापून. महेशने आठवडाभर यूट्यूब उघडलं नाही. आता तो गाडी धुण्याचे व्हिडिओ बघतो.

आईला मी सांगितलं, गाडी आधीसारखी झाली. ती म्हणाली, "म्हंजे परत जोरानं जाईल." मी म्हटलं, जाईल, पण मी नेणार नाही. "बगू," ती म्हणाली, आणि मला वाटलं संपलं, पुन्हा फाटा आणि पुन्हा एसटी.

परवा तिला पेणला जायचं होतं. मी विचारलंही नाही, गाडी पुसत होते. ती पिशवी घेऊन आली आणि पुढचं दार उघडून बसली. चिरनेरच्या पुढे आमच्यासमोर पेंढ्याने भरलेला ट्रॅक्टर लागला. मी त्याच्यामागे राहिले. एक वळण गेलं, दुसरं गेलं. सरळ रस्ता आला, लांबवर कुणी नव्हतं, तरी मी मागेच. पेंढ्याच्या काड्या काचेवर येत होत्या. मला पुढे जायचं होतं आणि मी जात नव्हते.

आईने मान वाकडी करून ट्रॅक्टरच्या बाजूने पुढचा रस्ता पाहिला. मग पुन्हा एकदा पाहिला.

"जा, जा बाय," ती म्हणाली. "फुरं मोकला हाय."